एमआरआय लिहून दिलाय? पैसे भरण्याआधी सिस्टरला गाठा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सीटी' किंवा 'एमआरआय' लिहिलं की घरात दोन प्रश्न उठतात. कुठे करायचा? किती पडतील? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि पैसे नेमके तिथेच जातात: तयारी काय करून जायचं? उपाशी की पाणी पिऊन, रक्ताचा कोणता रिपोर्ट सोबत हवा, जुन्या प्लेटा न्यायच्या का, मंगळसूत्र कुणाकडे द्यायचं. डॉक्टरांना हे ठाऊक असतं, पण त्यांच्या दाराशी साठ माणसं बसलेली असतात. काउंटरवरच्या मुलाला वेळ असतो, पण दर सोडून त्याला फारसं ठाऊक नसतं. ही सगळी माहिती एका जागी मिळते ती सिस्टरकडे. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, ओपीडीची सिस्टर, गावच्या आरोग्य केंद्रातली नर्सबाई. तपासणीला निघालेल्या माणसाने आधी तिच्या टेबलाशी जावं, हे मी ठेच खाऊन शिकलो.

आत्याच्या पोटाचा सीटी लिहून दिला होता, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेत औषध सोडून. निमगाव केतकीहून पहाटे गाडी करून निघालो. वाटेत भिगवणला चहा-पोहे झाले. पुण्यात नंबर लागला तेव्हा टेक्निशियनने दोनच प्रश्न विचारले: क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय? उपाशी आहात? दोन्हींचं उत्तर नाही. पाच दिवसांनंतरची तारीख घेऊन संध्याकाळी परत. गाडीभाडं गेलं, दोन माणसांचा दिवस गेला, आत्या दमली ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी चिठ्ठी अर्धा मिनिट पाहिली आणि म्हणाल्या, "क्रिएटिनिनचं रक्त इथेच देऊन टाका. साखरेची कोणती गोळी चालू आहे ती डॉक्टरांना सांगा. आणि ह्यासाठी पुण्याला कशाला? बारामतीत होतो हा." एवढंच. फुकट.

आधी दवाखाना कोणत्या खात्याचा ते बघा

सरकारी म्हणजे सगळं एकच, असं समजू नका. बारामतीत दोन खाती शेजारी नांदतात आणि दोघांचे पैशाचे नियम वेगळे आहेत.

सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं म्हणजे बारामती शहरातलं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, रुईचं ग्रामीण रुग्णालय, इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, भिगवण आणि बावड्याची ग्रामीण रुग्णालयं. यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत, केसपेपरसुद्धा. एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली, तरी पावती शून्याची. इथे कुणी 'फिल्म बाहेरून आणा' किंवा 'ही तपासणी बाहेर करून या' म्हणालं, तर भांडू नका. तेच वाक्य केसपेपरवर लिहून द्यायला सांगा. निम्म्या वेळा फिल्म आतच सापडते.

दुसरं खातं वैद्यकीय शिक्षणाचं. बारामती एमआयडीसीतलं, २०१९ मध्ये सुरू झालेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या खात्याचं. पुण्याचं ससून आणि सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयही याच खात्याची. १५ ऑगस्टचा तो निर्णय या खात्यासाठी नव्हता. इथे सरकारी दरपत्रक असतं, पैसे खिडकीवर भरून पावती घ्यायची असते. दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात. पिवळं रेशनकार्ड असेल तर ते पैसे भरण्याआधी दाखवा. पावती फाडल्यावर सवलत मागायला गेलात तर तीन खिडक्या हिंडाव्या लागतात.

दोन्हींत जाण्याची वेळ सकाळची. साडेआठला पोहोचा. दहा वाजता पोहोचलात तर केसपेपर, डॉक्टर आणि एक्स-रे हे तिन्ही दुपारच्या सुट्टीआधी उरकत नाहीत आणि दुसरी फेरी पदरात पडते. मोबाईलवर आभा, म्हणजे आरोग्याचं डिजिटल खातं, उघडून ठेवलं असेल तर जिथे क्यूआर कोड लावलाय तिथे केसपेपरची रांग वाचते.

आणि 'इथे मशीन आहे का' हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: मशीन आज चालू आहे का, टेक्निशियन कोणत्या पाळीला आहे, आणि रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट कोणत्या वारी येतात? याचं खरं उत्तर भिंतीवरच्या फलकावर नसतं. ते एक्स-रे विभागाशेजारच्या ओपीडीतल्या सिस्टरला ठाऊक असतं, कारण रोज तिचेच पेशंट परत येतात.

खासगीत किती पडतं

आपल्या भागात साधारण असं धरून चला. साधा डिजिटल एक्स-रे, एका बाजूचा, ३०० ते ६०० रुपये. पोटाची सोनोग्राफी ८०० ते १,५००. गरोदरपणातली पाचव्या महिन्यातली सविस्तर सोनोग्राफी, जिला सगळे 'ॲनॉमली' म्हणतात, ती २,००० ते ३,५००. डोक्याचा साधा सीटी २,००० ते ३,५००. पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी ५,००० ते ८,०००. एमआरआय एका भागाचा ५,००० ते ९,०००. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचा आकडा फोनवर विचारा, आणि विचारताना एकच वाक्य वापरा: "फिल्म, रिपोर्ट, कॉन्ट्रास्ट, सुई सगळं धरून किती?"

या 'सगळं धरून'ला सरकारी दाखला आहे. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारने छातीच्या एचआरसीटीचे कमाल दर बांधले: १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या मशीनवर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसवर २,५००, त्याहून मोठ्या मशीनवर ३,०००. त्या रकमेत फिल्म आणि रिपोर्टही धरलेला होता. तो आदेश साथीपुरता होता, पण त्यातून दोन गोष्टी उघड झाल्या. एक, मशीनप्रमाणे दर बदलतो, म्हणून 'कितीचं मशीन आहे' हे विचारण्यात गैर काही नाही. दोन, सगळं धरून एक आकडा सांगणं सेंटरला जमतं. ते सांगत नाहीत ते सोयीसाठी.

एमआरआयच्या बाबतीत टेस्ला विचारा. दीड टेस्लाचं मशीन बहुतेक कामांना पुरतं. कमी ताकदीचं, उघड्या बाजूंचं मशीन स्वस्त पडतं आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्याला सोसतं, पण चित्र कमी स्पष्ट येतं. सर्जन ते पाहून 'पुन्हा करा' म्हणाले तर स्वस्ताईचे पैसे दुप्पट होतात. कोणतं मशीन चालेल ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच आधी विचारून घ्या. कमरेचा एमआरआय असेल तर आणखी एक विचारा: "पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग यातच येतं ना?" बऱ्याच ठिकाणी येतं. न विचारणाऱ्याला ते वेगळं लावलेलं मी पाहिलंय.

सिस्टरच्या टेबलाशी

चिठ्ठी घेऊन तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, "सिस्टर, हे लिहून दिलंय, काय काय लागेल?" भाऊ असेल तर "ब्रदर" म्हणा, पुरुष परिचारकही आता बरेच असतात. राउंड चालू असताना किंवा इंजेक्शनच्या वेळी जाऊ नका. तेव्हा तिच्या हातात ट्रे असतो आणि तुमच्या वाट्याला फक्त "नंतर या" येतं.

ती पहिल्यांदा चिठ्ठी तपासते. तुम्हीही तपासा. नाव आधारवर आहे तसंच आहे का, वय आहे का, आणि सर्वात महत्त्वाचं, डावा की उजवा ते लिहिलंय का. नुसतं 'गुडघा' लिहिलेल्या चिठ्ठीवर टेक्निशियन काम करत नाही. आणि केलंच तर दुखरा गुडघा कोणता हे तुमच्या तोंडी सांगण्यावर अवलंबून राहतं. डॉक्टरांची सही, काय शोधायचंय त्याची एक ओळ, आधीच्या ऑपरेशनची नोंद. यातलं काही राहिलं असेल तर सिस्टर तिथल्या तिथे डॉक्टरांकडून लिहून घेते. तुम्ही परत रांगेत लागलात तर तासभर जातो.

मग तयारी. पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी, ओटीपोटाच्या सोनोग्राफीला तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. दोन्ही एकत्र लिहिलं असेल तर उपाशीही राहायचं आणि पाणीही प्यायचं; इथे लोक हमखास गोंधळतात आणि घरून नाश्ता करून येतात. साखरेचा पेशंट असेल तर सिस्टरला आधी सांगा आणि पहिला नंबर मागा. इन्शुलिन घेऊन उपाशी बाकावर बसलेला पेशंट अकराच्या सुमाराला घामाघूम होतो.

कॉन्ट्रास्ट असेल तर ताजा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रक्ताचा रिपोर्ट, हवा. खासगीत दोनशेच्या आसपास. सरकारी आरोग्य केंद्रातून महालॅबमार्फत रक्त तपासलं जातं, ते मोफत. पण रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून तारीख घेण्याआधी रक्त द्या. साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, आधी कधी अशा इंजेक्शनाने अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल, किडनीचा त्रास असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टरच ठरवतात. परस्पर बंद करू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी एकदा समजली की वॉर्डातल्या चांगल्या सिस्टरची किंमत कळते. कॉन्ट्रास्ट सीटीत औषध मशीनने जोरात शिरेत सोडतात. त्यासाठी हाताच्या कोपराजवळ जाडसर सुई लागते, ज्यावर गुलाबी टोपण असतं. निळ्या टोपणाची सुई बारीक. वॉर्डात सलाइनसाठी मनगटावर निळी सुई टोचून पेशंट पाठवला, तर सेंटरवर पुन्हा टोचावं लागतं. सुईचे पैसे वेगळे, शीर सापडेपर्यंतचा वेळ वेगळा, कधी कधी नंबरच मागे जातो. जी इन्चार्ज सिस्टर सकाळी सातला स्वतः पाहून कोपराला गुलाबी सुई लावते, क्रिएटिनिनचा कागद चिठ्ठीला टाचते, मधुमेह्यांना यादीत वर घेते आणि दोन पेशंट एकाच वॉर्डबॉय मामाबरोबर पाठवते, तिच्या वॉर्डातला माणूस तपासणी न होता परत येत नाही. तिच्यामुळे मशीन वाढत नाही की तारीखही लवकरची मिळत नाही. मिळालेली तारीख वाया जात नाही, हे मात्र तिचं काम, आणि तिच्या इन्चार्जच्या पदापेक्षा त्या वहीत ते जास्त दिसतं, जिच्यात उद्याच्या पेशंटांची नावं आणि फोन आज संध्याकाळीच लिहिलेले असतात.

त्या वहीचा उपयोग करून घ्या. तारीख लांबची मिळाली तर सांगा, "कुणी आलं नाही तर मला फोन करा, मी तासाभरात पोहोचतो." इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर आहे, तासाभराचं कबूल करणार असाल तर खरंच निघायची तयारी ठेवा. गैरहजर पेशंट रोज असतात. रांगेत घुसण्याचा हा एकमेव सरळ मार्ग मला ठाऊक आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सिस्टर काय करू शकत नाही तेही समजून घ्या. ती तपासणी लिहून देऊ शकत नाही, रिपोर्ट वाचून निदान सांगू शकत नाही. कॅनडात १९९२ मध्ये घोट्याच्या दुखापतीसाठी 'ओटावा नियम' तयार झाले, आणि परदेशातल्या अनेक इमर्जन्सी विभागांत ते वापरून नर्सच एक्स-रे सांगते. आपल्याकडे चिठ्ठी डॉक्टरांचीच लागते. पण तो नियम तुमच्या कामाचा आहे: पाय मुरगळल्यावर चार पावलं टाकताच येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे लांबवू नका. दोन्ही नसेल तर 'एक्स-रे लागेलच का?' असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आणि तिला पैसे देऊ करू नका. चांगली सिस्टर दुखावते, आणि वाईट सवय लागली तर पुढच्या पेशंटाला ती महागात पडते.

दागिने, पिना आणि डोळ्यातला कण

एमआरआयच्या खोलीत लोखंड चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लोखंड कुठे कुठे असतं ते ठाऊक नसतं. पदराची पिन, केसातल्या चापी, ब्लाउजचे हुक, जोडवी, कंबरेच्या करदोट्यातला ताईत, खिशातलं एटीएम कार्ड. सोनं-चांदी घरीच ठेवा. मंगळसूत्र काढायला तयार नसलेल्या एका आजीच्या बाबतीत सिस्टरने काय केलं ते पाहिलंय: रुमालात बांधून गाठ मारली आणि सुनेच्या नाही, आजीच्या नवऱ्याच्या हातात दिली. आजी मुकाट आत गेल्या.

पेसमेकर, कानात बसवलेलं यंत्र, मेंदूच्या शिरेवरची क्लिप, हाडातली पट्टी, हृदयातला स्टेंट यांपैकी काही असेल तर डिस्चार्ज कार्डासह सांगा. बहुतेक पट्ट्या चालतात, पण ठरवायचं त्यांनी. एमआयडीसीत लेथवर किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट न विचारता सांगावी: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. तो आत राहिला असेल तर चुंबकाने हलतो. बंद जागेची भीती असेल तर तेही आधीच बोला. भूल द्यावी लागली तर खर्च वाढतो आणि भूलतज्ज्ञाची वेळ वेगळी घ्यावी लागते.

बाळंतपणाच्या सोनोग्राफीचे पैसे वाचवा

गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी मोफत आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती धरलेली आहे, येण्याजाण्याच्या गाडीसकट; त्यासाठी १०२ नंबर. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ज्या गावची आशाताई आणि आरोग्य सेविका यादी पक्की ठेवतात, त्या गावच्या बायका त्या दिवशी एकाच गाडीने जाऊन येतात. तुमचं नाव यादीत आहे का ते ५ तारखेला विचारा, ८ ला नाही.

आठवडे मोजून तारीख घ्या. पहिली महत्त्वाची सोनोग्राफी ११ ते १३ आठवड्यांत, व्यंग तपासणारी १८ ते २० आठवड्यांत. तारीख चुकली तर ती तपासणी मागे जाऊन करता येत नाही, म्हणून सरकारी नंबर उशिरा मिळत असेल तर ही एक खासगीत करणं शहाणपणाचं. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि माता-बाल कार्ड लागतं. तिथे 'एफ' फॉर्म भरून सही घेतात. सही करण्याआधी वाचा. मुलगा की मुलगी, हे विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी 'जादा पैसे दिले तर सांगतो' म्हणालं तर १८०० २३३ ४४७५ वर कळवा.

ॲडमिट असाल तर हिशोब वेगळा

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पाच लाखांपर्यंत आहे आणि २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही. बीड किंवा जामखेडहून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबालाही ती बारामतीत चालते. कार्ड गावाकडचं आहे म्हणून कुणी परतवू शकत नाही. पण ती भरती होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. त्या पॅकेजमध्ये एक्स-रे आणि इतर तपासण्या, औषधं, जेवण, घरी परतायचं एसटीचं भाडं येतं. नुसत्या ओपीडीतल्या एमआरआयसाठी योजनेवर भिस्त ठेवू नका.

ठेच इथे लागते: योजनेत भरती आहात आणि कुणीतरी म्हणतं, 'सीटी बाहेरून करून आणा, पाच हजार भरा.' भरू नका. आधी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा, मग वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला सांगा. सिस्टर केसपेपरवर 'योजनेचा पेशंट' अशी नोंद ठळक करते तेव्हा बिलिंगची चूक आपोआप सुधारते. तरी अडलं तर १५५३८८. एमआयडीसीत ईएसआय कापला जात असेल तर ई-पहचान कार्ड घेऊन जा आणि बाहेर पाठवण्याआधी लेखी रेफरन्स मागा. त्याशिवाय केलेल्या तपासणीचे पैसे परत मिळवणं जिकिरीचं असतं.

पुणे-सोलापूर महामार्गावर अपघात झाला तर १०८ लावा. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघाताच्या जखमीला सात दिवसांत दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. 'आधी सीटीचे पैसे भरा' म्हणणाऱ्याला योजनेचं नाव घेऊन विचारा. पोलीस केस असेल तर मूळ प्लेटा रुग्णालयाकडे राहतात. सीडी किंवा प्रत त्याच दिवशी मागून घ्या.

बिलात काय बघायचं

एक्स-रेचा दर बाजूप्रमाणे असतो. 'दोन्ही गुडघे, एपी आणि लॅटरल' म्हणजे चार. सीटी-एमआरआयच्या बिलात जीएसटी लावलेला दिसला तर बोट ठेवा. निदानाच्या तपासणीवर जीएसटी नाही. 'इमर्जन्सी चार्ज' रात्रीचा असतो, सकाळी नऊला नाही. सीडीचे पैसे वेगळे मागितले तर फिल्म कमी करून सीडी घ्या. बहुतेक सर्जन आता संगणकावरच पाहतात. अॅडमिट पेशंटाला अॅम्ब्युलन्सने सेंटरला नेणार असतील तर जाण्या-येण्याचं भाडं आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवा.

कट. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलत नाही. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घ्यायला २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मनाई आहे. 'अमुक सेंटरलाच जा' असं सांगितलं तर कारण विचारा. कधी कारण खरं असतं, तिथलं मशीन चांगलं, रिपोर्ट भरवशाचा. कधी नसतं. सेंटरवर थेट गेलात तर विचारा, "मी कुणी पाठवलेला नाही, स्वतः आलोय, किती कमी कराल?" दहा-वीस टक्के सुटण्याची शक्यता असते. आवारात घुटमळणाऱ्या, 'आज नंबर लावून देतो' म्हणणाऱ्या माणसाकडे पाहूही नका. सरकारी आवारात कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४.

पुण्यालाच जायचं झालं तर धर्मादाय रुग्णालय निवडा. वार्षिक उत्पन्न १.८० लाखांच्या आत असेल तर राखीव खाटेवर उपचार मोफत, ३.६० लाखांच्या आत असेल तर निम्म्या दरात. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आधी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, नंतर बिलिंगला. एसटीने जात असाल तर बाईला अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. आधार जवळ ठेवा. आणि आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी सरकत असते तेव्हा या रस्त्यावरची तारीख घेऊ नका. गाड्या वळवलेल्या असतात आणि तुमचा दहाचा नंबर दुपारी पोहोचतो.

रिपोर्ट हातात पडल्यावर

साधा एक्स-रे लगेच मिळतो, सीटीचा रिपोर्ट काही तासांत, एमआरआयचा बहुधा दुसऱ्या दिवशी. सरकारीत लेखी रिपोर्टला उशीर होणार असेल तर थांबून बसू नका. सिस्टरला सांगा, ती ड्युटीवरच्या डॉक्टरांना प्लेट दाखवते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर उपचार सुरू होतात. भरती असताना झालेल्या तपासण्यांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. खासगीत बिलावरून तंटा झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सरकारी रुग्णालयाची तक्रार आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे, मग १०४ वर.

रिपोर्टचा फोटो मोबाईलवर काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा. प्लेटा पाकिटात, आडव्या, कपाटात. गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. आजच्या फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात आणि इंदापूरच्या उन्हात एका दुपारीत काळ्या पडतात. पुढच्या डॉक्टरने जुनी प्लेट मागितली आणि ती काळी निघाली, तर नवीन तपासणीचे पैसे पुन्हा तुमचेच.